पाचोळ्याचं वकीलपत्र

मोगलांच्या अमदानीत नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. ते नाव कधीच पुसलं गेलं, पण त्याची झिंग काही उतरलेली नाही. कॉलेज रोडवरच्या सहाव्या मजल्यापासून सिडकोतल्या घराच्या गच्चीपर्यंत प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडे गुलाब आलाच पाहिजे. गुलाब मात्र नर्सरीतून येताना ज्या चार-पाच कळ्या घेऊन आलेला असतो तेवढ्या फुलवतो आणि मग मौनात जातो. मग कारणमीमांसा सुरू होते. ऊन जास्त पडतं, ऊन कमी पडतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे, वरच्या मजल्यावरचे लोक साबणाचं पाणी सोडतात. एकेक संशयित निर्दोष सुटला की शेवटी आरोप येतो तो मातीवर, आणि रविवारी सगळं कुटुंब गाडी काढून गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांकडे माती विकत आणायला निघतं. ज्या जिल्ह्याची द्राक्षं युरोपात जातात, ज्याच्या लासलगावात कांदा चढला की दिल्लीत बैठका बसतात, त्या जिल्ह्याच्या मुख्य गावात माणूस पोत्याने माती विकत घेतो आणि वर ‘जरा चांगली बघून द्या’ असंही म्हणतो.

डिकीत काय काय भरलं जातं तेही बघण्यासारखं असतं. लाल मातीचं एक पोतं, शेणखताचं एक आणि कोकोपीटची वीट. हा नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याचा मोठा व्यापार तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडे. रोप बऱ्याचदा आंध्रातल्या कडियमचं. देशभरातल्या नर्सऱ्यांना रोपं पुरवणारं हे गाव राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी आहे. म्हणजे त्र्यंबकहून निघालेली नदी जिथे समुद्राला मिळायच्या बेतात असते, तिथली माती मुळांना धरून पुन्हा नदीच्या माहेरी येते. हा उलटा प्रवास खुद्द गोदामाईलाही जमलेला नाही. आणि ही सगळी आयात गाडीतून उतरत असताना सोसायटीच्या फाटकाशी एक मावशी खराट्याने बदामाची, गुलमोहराची, पिंपळाची पानं गोळा करत असतात. तो ढीग घंटागाडीत जातो, नाहीतर थंडीचे दिवस असले तर वॉचमनच्या शेकोटीत. माझं म्हणणं एवढंच आहे की फाटकातून आत येणाऱ्या पोत्यांपेक्षा बाहेर जाणारा हा ढीग बागेला जास्त उपयोगाचा आहे. त्याची बाजू मांडायला कुणी उभं राहत नाही, म्हणून हे वकीलपत्र.

आधी मातीचा स्वभाव समजून घेऊ. नाशिकची मूळची माती काळी, बेसाल्टचा खडक झिजून झालेली. चिकण कणांचा भरणा इतका की ओली झाली की चपलेला धरून घरात येते आणि वाळली की भेगाळते. शेतात हा स्वभाव खपून जातो. तिथे खोली असते आणि वाफसा येईपर्यंत थांबायची रीतही असते. दहा इंची कुंडीत हीच माती एकटी भरली तर मे महिन्यात तिची वीट होते, ती कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर उतरतं. पाण्याची चव मुळांआधी शेजाऱ्यांना कळते. त्यात ही माती चुनखडीकडे झुकणारी, सामू साधारण साडेसात ते साडेआठ. त्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. मग गुलाबाचं किंवा अनंताचं कोवळं पान पिवळं पडतं आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार वेलीला काय कमी पडतंय ते कळावं म्हणून पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासायला देतो. शहरातला त्याचा मेहुणा फोटो ग्रुपवर टाकतो आणि चहा होईपर्यंत डझनभर औषधं हजर. ताक घाला, चहाचा चोथा घाला, केळीच्या सालीचं पाणी घाला, कांद्याच्या सालीचं घाला, अंड्याची टरफलं, एप्सम सॉल्ट. एखादे ज्येष्ठ सभासद ‘झाडाशी बोलत जा’ एवढंच लिहितात. मेहुणा सगळंच ऐकतो, आणि सगळं एकाच आठवड्यात एकाच कुंडीत पडतं. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, लोहाचा पत्ता नसतो. त्यामुळे महिन्याभराने तेच पान पुन्हा ग्रुपवर येतं, थोडं आणखी पिवळं होऊन.

या उपचारांत सगळे झाडाला काहीतरी पाजायला बघतात, मातीकडे कुणाचंच लक्ष नसतं. चांगल्या मातीचा पाठ्यपुस्तकी हिशेब असा असतो: आकारमानाने साधारण 45 टक्के खनिज कण, 5 टक्के सेंद्रिय पदार्थ, आणि उरलेली निम्मी माती म्हणजे मोकळी जागा, थोडी हवेसाठी, थोडी पाण्यासाठी. नर्सरीत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः पहिल्या 45 टक्क्यांचे. ती मोकळी जागा कुठल्याच पोत्यात बांधून मिळत नाही. ती बुरशीने, जिवाणूंनी, गांडुळांनी मातीचे कण एकमेकांना चिकटवून आणि पोखरून केलेली असते, आणि हे सगळे त्या 5 टक्क्यांवर जगतात. ते संपलं की कामगार जातात, पोकळी बसते आणि पुन्हा वीट. तेव्हा कुंडीतली माती ही गोठ्यातल्या म्हशीसारखी समजावी. विकत आणली म्हणून रोजची वैरण काही चुकत नाही, आणि नुसतं टॉनिक पाजून म्हैस दूध देत नाही. केळीच्या सालीचं पाणी हे टॉनिक आहे. वैरण म्हणजे पाचोळा.

माझा पहिला साक्षीदार परदेशी आहे, पण त्याच्या नावाला वजन आहे. चार्ल्स डार्विनने 1881 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर एक अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं. उत्क्रांतीवरून अर्ध्या जगाशी वैर घेतलेला हा गृहस्थ म्हातारपणी कुंड्यांत गांडुळं ठेवून त्यांना पियानो ऐकवत होता. मुलाने बासून नावाचं भलं मोठं फुंकवाद्यही वाजवून दाखवलं. गांडुळं ढिम्म हलली नाहीत. त्यांना ऐकू येत नाही असा निष्कर्ष निघाला. याच पुस्तकात त्याने टिपून ठेवलंय की गांडूळ रात्री बिळाच्या तोंडाशी येतं, पडलेलं पान चाचपतं आणि बहुतेकदा ते निमुळत्या टोकाकडून धरून आत ओढतं, कारण तसं ते बिळात सहज जातं. डार्विनने कागदाचे त्रिकोण कापून ठेवले, तर तेही बरेचसे टोकाकडूनच ओढले गेले. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असाही हिशेब त्याने मांडला. ज्या जिवाला डोळे नाहीत, कान नाहीत, त्याला पाचोळा कुठे न्यायचा हे नीट कळतं. सोसायटीच्या कमिटीला अजून कळायचं आहे.

बाकीचे साक्षीदार आपल्याकडचेच म्हणायला हरकत नाही. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इंदूरला होते. पिकांचा काडीकचरा, पाला, गोठ्यातलं शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून खत करायची त्यांची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, आणि इथल्या शेतकऱ्याला ते उघडपणे आपला गुरू मानत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणारे, आणि प्रयोग परिवारातून तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना सूर्यप्रकाशाचा हिशेब करायला लावणारे. त्यांची अमृतमाती वाळलेला काडीकचरा शेण-गोमूत्र-गुळाच्या पाण्यात भिजवून सुरू होते. म्हणजे गणितवाल्यानेही मांडणीची सुरुवात पाचोळ्यापासूनच केली. आणि सुभाष पाळेकर, 2016 चे पद्मश्री, ज्यांचं जीवामृत आता नाशिकच्या गच्च्यांवरही चढलं आहे. मूळ कृती एका एकरासाठीची: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. अकरा कुंड्यांचा मालक इथे भागाकार करायला विसरला की उरलेलं एकर तो जिन्याला लावतो. पण पाळेकरांच्या पद्धतीला चार चाकं आहेत, बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. त्यातलं वास येणारं चाक आपण हौसेने उचललं आणि आच्छादन, म्हणजे मातीवर पाचोळा पसरणं, तसंच सोडून दिलं. ज्याला पैसे पडत नाहीत, घुसळावं लागत नाही आणि ज्याचा फोटोही काढता येत नाही, त्या उपायावर आपला विश्वास बसणं कठीणच.

आता खताच्या बादलीत डोकावू, कारण नवशिक्यांचा उत्साह मरतो तो तिथे. हौसेने आणलेल्या बादलीत मटाराची टरफलं, कलिंगडाच्या साली, कोथिंबिरीचे देठ असं सगळं ओलं पडत जातं. आठ-दहा दिवसांनी झाकण उघडलं की घरातले सगळे एकदम सेंद्रिय शेतीच्या विरोधात जातात. दोष बादलीचा नसतो, जिवाणूंचाही नसतो. भाजीच्या ओल्या कचऱ्यात एका भाग नत्राला कर्ब साधारण 15 ते 20 भाग. वाळक्या पानांत 50-60 भाग, कधी त्याहूनही जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना सोयीचं पडतं ते 25 ते 30 च्या आसपास. नुसतं ओलं घातलं की जादाचं नत्र अमोनिया होऊन उडतं, पाण्याने हवेची जागा अडवली की हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, आणि सडक्या अंड्याचा वास लिफ्टमधून वरपर्यंत जातो. यावर बाजारात पावडरी आहेत, द्रावणं आहेत, सुगंधी गोळ्यासुद्धा मिळतात. पण एक वाडगा सालींवर दोन-तीन वाडगे चुरलेला पाचोळा घातला आणि वरचा थर कायम पाचोळ्याचा ठेवला, तर वास बहुतेक वेळा दोन दिवसांत नाहीसा होतो. ओल किती हवी ते बघायला यंत्र लागत नाही. आतला मूठभर माल घट्ट दाबावा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब डोकावला तर बरोबर, धार लागली तर पाचोळा कमी, मूठ उघडल्यावर सगळं भुरभुरलं तर पाणी कमी. आणि पांढुरक्या, चपट्या अळ्या वळवळताना दिसल्या की किंचाळून बादली देऊन टाकू नये. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा अधाशासारखा खातात. त्या फार झाल्या, तर ओलं फार झालं एवढाच त्याचा अर्थ.

आता प्रतिपक्षाचं ऐकू. पहिला आक्षेप असा की हे दिसायला बरं नाही. सकाळी झाडलेलं अंगण आणि तुळशीखाली कचरा? झाडलेल्या अंगणाबद्दल मला आदर आहे, पण कुंडी हे अंगण नाही आणि जंगलात कुणी खराटा घेऊन फिरत नाही. हेच लोक कुंडीतल्या मातीवर पांढरे गोटे पसरतात आणि त्याला सजावट म्हणतात. चैत्राच्या उन्हात ते गोटे तापतात आणि मातीतल्या एकाही जिवाच्या पोटात काही जात नाही. दुसरा आक्षेप सापाचा. पाचोळ्यात साप असतो, असं दर मजल्यावर एक तरी माणूस ठामपणे सांगतो. अंगणाच्या कोपऱ्यात वर्षभर न हलवलेला गुडघाभर ढीग असेल तर काळजी बरोबर आहे. विंचू तिथे खरंच बसतो आणि हात घालताना काठी-हातमोजे हवेत. पण कुंडीतला तीन-चार बोटांचा थर सापाला लपायला पुरत नाही. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर येतात ते उघड्यावर टाकलेल्या शिळ्या अन्नामागे. डासांचा आरोप तर सपशेल खोटा. डास होतात साचलेल्या पाण्यात, आणि ते पाणी साचतं कुंडीखालच्या बशीत. एवढी खबरदारी मात्र घ्यावी की पाचोळा खोडाला टेकू देऊ नये, दोन बोटं जागा सोडावी, नाहीतर ओलीने खोड सडतं.

एक आक्षेप मात्र जाणकाराचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. न कुजलेली पानं मातीत मिसळली तर कुजवणारे जिवाणू स्वतःच्या पोटापाण्यासाठी मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी पडतं. हे खरं आहे, आणि उत्साही नवशिक्या कुंडीत निम्मी वाळकी पानं कालवून नेमकं हेच करतो. पण नत्राची ही ओढाताण मिसळल्याने होते. तीच पानं वर पसरली तर ती जिथे मातीला टेकतात तेवढ्या पातळ थरापुरतं ते चालतं, खालची मुळं निर्धास्त राहतात, आणि गांडुळं आपल्या सवडीने एकेक पान खाली नेतात. मिसळायचं असेल तर आधी कुजवावं. कुजायला वेळ लागतो, हा पुढचा आक्षेपही मान्य. ओल्या कचऱ्यासोबत तीन-चार महिने, नुसत्या पानांना सहा महिने ते वर्ष. गुलमोहराची, शिरीषाची बारीक पानं लवकर विरघळतात. आंब्याची, वडाची, फणसाची जाड मेणचट पानं चुरल्याशिवाय हलत नाहीत. घाई असलेल्यांसाठी तयार शेणखत आहेच, पण तेही नीट पारखून घ्यावं. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात आणि मग खतासोबत मुळं खाणारं बिऱ्हाडही घरी येतं.

आणि अशिलाच्या मर्यादाही वकिलाने लपवू नयेत. पाचोळा म्हणजे माती नाही. नुसत्या पाचोळ्यात झाड उभं राहत नाही. पिवळ्या पडलेल्या अनंताला तो आठवड्यात हिरवा करणार नाही, कारण सामू सावकाश उतरतो. नवी कुंडी भरायची तर ज्या काळ्या मातीला आपण नावं ठेवतो तीच एक भाग घ्यावी, एक भाग कुजलेलं खत, आणि मोकळेपणासाठी एक भाग भाताचं तूस. घोटीच्या भात गिरण्या इतक्या जवळ असताना कोकोपीटसाठी थेट पोल्लाची गाठायचं कारण नाही. बारीक वाळू मात्र घालू नये. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होण्याऐवजी अधिकच घट्ट बसते. शंका असेल तर मातीचा नमुना तपासून घ्यावा. शेतकरी हे नेहमी करतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. बागायतदारांपैकी बरेच जण आता छाटणीच्या काड्या बारीक करून वेलींच्या ओळीतच टाकतात. लाखोंचा माल निर्यात करणारा माणूस वेलीची काडी बागेबाहेर जाऊ देत नाही, आणि चार गुलाबांचा मालक पिंपळाचं पान फाटकाबाहेर काढायला महिन्याचा पगार देतो.

कायदाही या खेपेला पाचोळ्याच्या बाजूने आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं आणि जाळायला मनाई केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड सांगितला. एवढ्या महागड्या शेकोटीभोवती जानेवारीत किती माणसं फुकटात हात शेकतात, ते सकाळच्या फेरीला गेलं की दिसतं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती आक्षेप घेणाऱ्यांच्या लक्षात आलेली नाही. स्वयंपाकघर ओला कचरा बारा महिने देतं, झाडं मात्र पानं टाकतात ती मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. पाचोळ्याची निकड असते ती पावसाळ्यात, आणि नेमका तेव्हाच तो मिळत नाही. मिळाला तर भिजलेला. म्हणून लोक गहू-तांदळाची साठवण करतात त्याच दिवसांत पाचोळ्याचीही करायला हवी. चौघांच्या घराला पावसाळाभर चुरून, दाबून भरलेली चार-पाच पोती लागतात. चुरायचं काम मुलांना दिलं तर मजुरी पडत नाही. पोती ठेवायला कोरडी जागा हवी, आणि सोसायटीत तशी जागा एकच, जिन्याखालची. त्यामुळे हा प्रश्न अखेर शास्त्राच्या हातून निसटून वार्षिक सर्वसाधारण सभेत जातो आणि ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात शेवटचा येतो, निम्मे सभासद अल्पोपहाराकडे वळलेले असताना. सचिव म्हणतात, आज पोती ठेवू दिली तर उद्या लोक तिथे जुने फ्रिज आणून ठेवतील. यावर कुणीच काही बोलत नाही, कारण जिन्याखाली एक फ्रिज तीन वर्षांपासून आहे आणि तो कुणाचा आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब होतो.